सागकिडे

टिल्लीला खोटं बोलता यायचं नाही. म्हणजे ती फार गुणी होती, असला काही भाग नाही. काही जणांना शिट्टी वाजवता येत नाही, तसं तिला ते जमायचंच नाही. तिचे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. एकदा त्यांनी मुख्याध्यापकांचं चित्र काढून त्यांना भेट दिलं. मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने टिल्लीला विचारलं, कसं आलंय. टिल्ली म्हणाली, छान आलंय, पण बाबा म्हणत होते, नाक खरं काढलं असतं तर कागद पुरला नसता. त्या वर्षी बाबांची बढती हुकली आणि टिल्लीला चारचौघांत नेणं बंद झालं.

पण या पोरीच्या खोडीचं सोनं होईल अशी एक जागा होती. ती म्हणजे आत्याचं लॉज.

लॉज तळ्याकाठी आहे, असं पाटीवर लिहिलेलं होतं. आता तळं नव्हतं असं नाही. पण तळं आणि लॉज यांच्या मध्ये बर्फाचा कारखाना, बसचा डेपो आणि लाकडाची वखार एवढं सगळं येत होतं. पाटी बाबांच्याच हातची होती आणि तिच्यावर तळ्याचं पाणी थेट लॉजच्या पायरीला लागलेलं होतं. दर उन्हाळ्यात शाळा बंद झाली की बाबा, आई आणि टिल्ली आत्याकडे मुक्कामाला यायचे. बाबा पाटीवरचं पाणी पुन्हा निळं करायचे, आई फाटक्या चादरी शिवायची. राहणं फुकट आणि कामही फुकट, असा तो बहीणभावांतला जुना व्यवहार होता.

आत्या बाबांपेक्षा बरीच मोठी. उंच, हाडापेराने मजबूत, आणि जिभेला हाड नाही अशी. ती खोटं पोटासाठी बोलायची हे खरं, पण नुसतं पोटासाठी म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. तिला त्याची आवड होती. शेजारच्या खोलीतला माणूस सारखा खोकत असला तर तो मोठा गवई आहे आणि आवाज मोकळा करतोय. पंखा खडखडत असला तर तो आवाज मुद्दाम ठेवलाय, म्हणजे डेपोतल्या बसगाड्या ऐकू येत नाहीत. नळाला भर दुपारी गरम पाणी येतं, कारण इथे बारा महिने गरम पाण्याची सोय आहे. यातलं शेवटचं तर जवळजवळ खरंच होतं. गच्चीवरची टाकी उन्हात असायची, त्यामुळे गरम पाणी हवं असो नसो, मिळायचंच. गार मागू नये.

आत्याचे यजमान, म्हणजे टिल्लीचे आतोबा, अगदी उलट्या स्वभावाचे. खोटं बोलायचं नाही असा त्यांचा बाणा होता आणि खरं बोलायची त्या घरात सोय नव्हती, म्हणून ते बोलतच नसत. हातात पक्कड आणि खिशात तारेचं भेंडोळं घेऊन ते दिवसभर काही ना काही बांधत फिरायचे.

टिल्ली सहा वर्षांची असतानाचा उन्हाळा. एक जोडपं खोली बघायला आलं. नवऱ्याला खोली पसंत पडली, पण बायको पक्की होती. तिने विचारलं, ढेकूण आहेत का? आत्या अशी हसली, जणू हा प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. पण बायकोचं समाधान झालं नाही. गल्ल्याजवळच्या उंच स्टुलावर टिल्ली बिस्कीट खात बसली होती, तिच्याकडे वळून बाई म्हणाली, "बाळ, तू सांग बरं. इथे ढेकूण आहेत का?"

टिल्लीने विचार केला आणि म्हणाली, "ढेकूण म्हणजे काय?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. इथे राहणाऱ्या पोरीला ढेकूण हा शब्दच माहीत नाही, यापेक्षा मोठा पुरावा तो काय हवा? त्यांनी लगेच सामान वर न्यायला सांगितलं. आत्या मात्र टिल्लीकडे बराच वेळ बघत राहिली. आपल्या घरात गेले कित्येक दिवस हे रत्न बिस्किटं खात बसलंय, आणि आपलं लक्षच नव्हतं.

ढेकूण टिल्लीला माहीत नव्हते, कारण तिची आई औषधांच्या दुकानात कामाला होती आणि घरात मुंगीसुद्धा घाबरून यायची. पण आत्याकडे ते होते. भरपूर होते. त्याच संध्याकाळी टिल्ली तळहातावर एक लाल, चपटा प्राणी घेऊन आत्याकडे आली आणि हे काय आहे म्हणून विचारू लागली. आत्याने तो निरखून पाहिला. पापणीसुद्धा न लववता ती म्हणाली, "हा होय? हा सागकिडा. अस्सल सागाच्या पलंगातच होतो. हलक्या लाकडाला तो तोंडसुद्धा लावत नाही."

"मग ढेकूण कसा असतो?"

"काळा असतो. हा एवढा मोठा. आणि उडतो."

स्वयंपाकघरात चादर शिवत बसलेल्या आईने हे सगळं ऐकलं. पण वन्संच्या घरात आपण कशाला तोंड घालायचं, या धोरणाने तिने दोरा दाताने तोडला आणि पुढची चादर घेतली. आपण तिघं निजतो त्या खोलीत तिने औषध मारलेलंच होतं.

लहान पोराला खोटं बोलायला लावणं पाप आहे, असं आत्या मानायची आणि तसं बोलूनही दाखवायची. त्यामुळे टिल्लीला तिने खोटं बोलायला कधीच लावलं नाही. ती तिला फक्त खोटं शिकवायची. पुढचं काम टिल्ली अगदी खरेपणाने करायची. पाच नंबरच्या खोलीतून तळं दिसतं का, असा प्रश्न यायचा. आत्याने टिल्लीला कपाटावर उभं करून वरच्या झरोक्यातून तळं दाखवलं. निळी रेघ होती, पण तळंच होतं. त्यानंतर कोणी विचारलं की टिल्ली छातीवर हात ठेवून सांगायची, दिसतं, मी स्वतः पाहिलंय. हे ऐकून माणसं खोली न बघताच घ्यायची.

पुढचे दोन उन्हाळे या जोडीने नुसती धमाल केली. आत्या स्तुती करायची आणि टिल्ली शपथेवर सांगायची. स्टुलावर आता उशी आली. पाहुण्यांनी काय काय विचारलं आणि आपण काय सांगितलं, हे जेवताना ती सगळ्यांना सांगायची, आणि बाबांना का कोण जाणे नेमका तेव्हाच ठसका लागायचा. कधीकधी तिचा उत्साह अंगाशी यायचा. एकदा कोणी न विचारताच तिने एका पाहुण्याला सांगून टाकलं, की आमच्याकडे सागकिडे मात्र आहेत, पण ते असणारच, पलंग अस्सल आहेत ना. तो पाहुणा नेमका सुतार निघाला. तो म्हणाला, बाळ, सागाला कीड लागत नाही. टिल्लीला त्याची कीव आली. तिने विचारलं, तुम्ही या धंद्यात नवीन आहात का? आत्याने सुताराला दोन वेळचा चहा फुकट पाजला आणि तेव्हापासून टिल्लीला ताकीद दिली, विचारतील तेवढंच सांगायचं.

ती ताकीदसुद्धा टिल्लीला मायेचीच वाटली. कारण आत्या माया करायचीच. तिची वेणी आत्याच घालायची, आईपेक्षा जास्त घट्ट. बाजारात जाताना टिल्लीला घेऊन जायची आणि भाजीवालीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगायची, ही माझ्या लॉजचा खांब आहे. वर्षभर टिल्ली घरी राहायची ती पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत. शाळेत बाकीच्या मुली मोठेपणी कोणी डॉक्टर, कोणी काय व्हायच्या, टिल्लीला आत्याच्या शेजारी स्टुलावर बसायचं होतं.

मग विज्ञानाच्या पुस्तकात कीटकांचा धडा आला.

बाईंनी पान उघडायला सांगितलं. पानावर मोठ्ठं चित्र होतं, लाल, चपटं, सहा पायांचं, आणि खाली लिहिलेलं होतं, ढेकूण. टिल्लीने हात वर केला. बाई, पुस्तकात चूक आहे, ती म्हणाली. हा ढेकूण नाही, सागकिडा आहे. ढेकूण उडतो. बाईंनी विचारलं, तुला कसं गं माहीत? टिल्लीने सांगितलं, माझ्या आत्याकडे हजारो आहेत, मी हातावर घेऊन खेळते.

वर्ग हसून जो काही फुटला, त्याचा आवाज मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला. टिल्लीच्या बाकावरच्या दोघी मैत्रिणी दप्तरं उचलून मागे जाऊन बसल्या. पुढचं वर्षभर टिल्ली एका बाकावर एकटी बसली आणि तिला ऐसपैस जागा मिळाली.

हेही तिने गिळलं असतं. पण बाईंनी शिक्षकांच्या खोलीत ही गंमत बाबांना सांगितली आणि बाबांनी घरी येऊन आईला सांगितली. सांगताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आई तोंडावर हात दाबून हसत होती. टिल्ली दारात उभी होती. तिच्या एक लक्षात आलं. सागकिडा म्हणजे काय, हे दोघांपैकी कोणीही विचारलं नव्हतं. म्हणजे तो ढेकूणच, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि सगळे मिळून तिला स्टुलावर बसवत होते.

त्या दिवशी ती जेवली नाही. हसं झालं याचं दुःख होतंच, पण ते वरवरचं. आत कुठेतरी एकच प्रश्न जाऊन बसला आणि तो काही केल्या उठेना. आत्या आपल्याला जवळ घ्यायची ती आपण आवडतो म्हणून, की गिऱ्हाईक गळाला लागतं म्हणून? आणि गंमत अशी, की याचं उत्तर जगात एकटी आत्याच देऊ शकत होती. विचारलं असतं तर तिने दिलंही असतं, गोड दिलं असतं. पण आत्याच्या उत्तराचा उपयोग काय?

पुढच्या उन्हाळ्यात टिल्ली आली ती दात-ओठ खात. वेणी घालायला बसली नाही, आपली आपण घातली. स्टुलावर मात्र जाऊन बसली. पहिलंच गिऱ्हाईक आलं, एक म्हातारं जोडपं. म्हाताऱ्याने हौसेने विचारलं, पोरी, खोलीतून तळं दिसतं का? टिल्ली म्हणाली, दिसतं, पण कपाटावर चढावं लागतं. कपाट धरायला आतोबा येतील. आणि ढेकूण आहेत, लाल असतात. पुस्तकात चित्र आहे, हवं तर दाखवते.

म्हातारा आणि म्हातारी निघून गेली. त्यांच्यामागून आणखी बरेच जण गेले. गरम पाण्याचं विचारलं की टिल्ली गार पाण्याचं सांगायची. गवई कोण आहे विचारलं की त्याला दमा आहे म्हणायची. बाबा तिला ओढून मागच्या अंगणात घेऊन गेले आणि समजावू लागले, की व्यवहारात थोडंसं इकडेतिकडे करावं लागतं. टिल्लीने विचारलं, पाटीवरचं पाणी तुम्हीच रंगवलंत ना? बाबांनी तिचा हात सोडला आणि आत निघून गेले.

टिल्लीला खरं म्हणजे भांडण हवं होतं. आत्याने चिडावं, दोन धपाटे घालावेत, मग आपण काय ते बोलून टाकू, असा तिचा बेत होता. पण आत्या चिडलीच नाही. पहिल्या दिवशी ऐकल्याबरोबर ती काय समजायचं ते समजली. तिने चहा केला, एक कप टिल्लीपुढे ठेवला आणि स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. बस्स. सगळा उन्हाळा दोघी एकमेकींना मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलल्या. निघताना आत्याने नेहमीसारखं जवळ घेतलं, तेव्हा टिल्ली लाकडासारखी उभी राहिली. हे वागणं तिला स्वतःलाच लागलं आणि बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सगळे आत्याकडे गेले, तेव्हा टिल्ली बाबांच्या खांद्याला लागली होती. टिल्ली हे नाव आता तिला शोभत नव्हतं, पण घरच्यांनी दिलेलं नाव काही कपड्यासारखं आखूड होत नाही. लॉजची मात्र रया गेली होती. समोर नवीन हॉटेल झालं होतं, त्याला लिफ्ट होती, आणि चौथ्या मजल्यावरून खरंच तळं दिसायचं. आत्याच्या केसांत पांढरं जास्त झालं होतं. आतोबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे ते तार बांधताना ती नाकाशी धरायचे.

त्यातच नगरपालिकेची नोटीस आली. एका विमा एजंटाने अंगभर गांधी उठल्याची तक्रार केली होती. तपासनीस येणार होता आणि ढेकूण सापडले तर परवाना जाणार होता. स्वयंपाकघरात बाबा आणि आत्या हलक्या आवाजात बोलत होते, ते टिल्लीने ऐकलं. बाबा म्हणत होते, परवाना गेला तर ताई, तुम्ही दोघं राहणार कुठे? आत्या म्हणाली, बघू. आत्याच्या तोंडून एवढं छोटं वाक्य टिल्लीने कधी ऐकलं नव्हतं.

आतोबा कामाला लागले. त्यांनी एकेक पलंग अंगणात आणून सुटा केला, सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, रॉकेल चोळलं, गाद्या उन्हात टाकल्या. टिल्लीने बादल्या उचलून दिल्या. कोणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन दिल्या. आतोबांनी तिच्याकडे चांगल्या डोळ्याने पाहिलं आणि मान हलवली.

तपासनीस आला. हडकुळा, नीटनेटका माणूस, खिशात विजेरी. त्याने गाद्या उलटल्या, फटीत विजेरी मारली, भिंतीवरची चित्रं काढून मागे पाहिलं. काहीच सापडलं नाही. रॉकेलचा वास मात्र त्याच्या नाकाला झोंबत होता आणि संशय जात नव्हता. तो खाली आला. गल्ल्यामागे आत्या, दाराशी आतोबा, जिन्यावर आई, बाबा आणि टिल्ली असे सगळे उभे होते. आत्याने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने हात वर केला.

"तुम्हाला विचारत नाही, बाई. तुमच्याबद्दल ऐकून आहे मी. पण गेल्या वर्षी इथे एक मुलगी सगळ्यांना खरं सांगत होती म्हणे. तक्रारदारानेच सांगितलं. ती कोण?"

सगळ्यांनी टिल्लीकडे पाहिलं. फक्त आत्याने पाहिलं नाही. तिने खूण केली नाही, डोळा मारला नाही, खाकरली नाही. दोन्ही हात गल्ल्यावर टेकून ती जमिनीकडे बघत राहिली. आत्याजवळ सांगायला काही नाही, असं टिल्लीने पहिल्यांदाच पाहिलं. आणि आत्या म्हातारी झाली आहे, हेही तिला तेव्हाच दिसलं.

टिल्ली पुढे आली.

"गेल्या वर्षी होते, साहेब," ती म्हणाली. "मीच सगळ्यांना सांगत होते. मग हिवाळ्यात आतोबांनी फळ्या बदलल्या, सगळं उकळत्या पाण्याने धुतलं. आता एकही नाही. मी रोज बघते. खालच्या न्हाणीघराचा नळ मात्र गळतो, तो अजून दुरुस्त केलेला नाही."

तपासनीसाचा चेहरा उजळला. त्याने नळाचं तेवढं लिहून घेतलं. बाबांनी आईचा हात दाबला. टिल्लीचं तोंड अगदी शांत होतं, कान गरम झाले नव्हते, जीभ अडखळली नव्हती. मुख्य म्हणजे न्हाणीघराचा नळ गळत नव्हता. आतोबांनी दोन दिवसांपूर्वीच त्याला तार आणि वायसर लावून तो ठणठणीत केला होता. आपला एक लहानसा दोष आपण होऊन सांगायचा, म्हणजे समोरचा मोठं खोटं आनंदाने गिळतो, ही आत्याची युक्ती होती. ती आत्याने तिला कधी शिकवली नव्हती. बघून बघून तिच्या अंगात मुरली होती.

आत्याने मान वर केली. ती टिल्लीकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब," ती म्हणाली, "पोरगी खोटं बोलतेय. ढेकूण आहेत."

बाबा जिन्यावर बसलेच. तपासनीस आधी गोंधळला आणि मग हसला. बाई, तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार, असं म्हणून त्याने पेनाचं टोपण लावलं. आत्या गल्ल्याला वळसा घालून त्याच्या वाटेत उभी राहिली. ढेकूण आहेत, दाखवते, दोन मिनिटं थांबा, असं म्हणून तिने जवळजवळ ओढतच त्याला वर नेलं.

मग जे झालं ते लॉजच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. जिने उभा जन्म ढेकूण नाहीत म्हणून शपथा घेतल्या, ती बाई गुडघ्यांवर बसून ढेकूण शोधत होती. तिने गाद्या पालथ्या केल्या, उशा फाडल्या, पलंगांच्या सांध्यांत केसातली पिन घालून उकरलं. एकही मिळेना. आतोबांनी काम चोख केलं होतं. एरवी माणूस बसल्या बसल्या पाठीवर चार चढायचे, आणि आज नेमकी सगळी जमात परागंदा झालेली. घामाघूम झालेली आत्या म्हणू लागली, अहो साहेब, खरंच आहेत हो, शेकड्यांनी आहेत, देवाशप्पथ. तपासनीस समजुतीने म्हणाला, राहू दे बाई, मनावर घेऊ नका. त्याला ती भ्रमिष्ट वाटत असावी. आत्या आयुष्यात पहिल्यांदाच जीव तोडून खरं बोलत होती आणि कोणी ऐकून घेत नव्हतं.

तो जिन्याकडे वळला, तेव्हा मागून एक घोगरा आवाज आला. तो कोणाचा, हे कळायला सगळ्यांना एक क्षण लागला.

"पाच नंबर," आतोबा म्हणाले. "उशाकडची फळी. आतल्या बाजूने. तेवढी राहिलीय."

फळी काढली. तिच्या मागून एक लाल, गुबगुबीत ढेकूण बाहेर आला आणि उजेडात फिरायला निघाला. आत्याने तो चिमटीत धरून साहेबांच्या नाकासमोर नेला. तिला इतका आनंद झालेला कोणी पाहिला नव्हता. तपासनीसाने टिल्लीकडे एकदा पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याने टिल्लीला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मग त्याने कागद पुन्हा उघडला. सगळे पलंग जाळून नवे घेईपर्यंत परवाना जप्त, लॉज बंद.

तो गेल्यावर बाबा आत्याला काय काय बोलले, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. राग शांत झाल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. आई मात्र खाली आली आणि म्हणाली, "वन्सं, बरं केलंत." इतक्या वर्षांत तिने त्या घरात तोंड घातलं ते एवढंच.

टिल्ली मागच्या अंगणात गेली होती. आत्या जाळायला काढलेला पलंगाचा एक सांगाडा ओढत तिथे आली. टिल्लीने तोंड फिरवलं आणि रडत म्हणाली, "तुझ्यासाठी बोलले मी. आणि तू मलाच खोटं पाडलंस. सगळ्यांसमोर."

"पाडणारच," आत्या म्हणाली. तिला धाप लागली होती. "खोटं बोलायला मी काय मेले होते? माझ्यासाठी तू कशाला बोलायचं?"

"लॉज वाचलं असतं."

"वाचलं असतं आणि तू गेली असतीस. पहिलं खोटं पचलं की पुढची आपोआप तोंडात येतात. मला माहीत आहे. माझं पहिलं पचलं, तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. सगळ्यांनी पाठ थोपटली होती माझी." ती पलंगाच्या कडेवर बसली. "त्या नळाचं कुठून शिकलीस गं?"

टिल्लीच्या आत दोन वर्षं बसून राहिलेला प्रश्न एकदाचा बाहेर आला. "मला जवळ घ्यायचीस ते गिऱ्हाइकांसाठीच ना?"

एरवी प्रश्न संपायच्या आत आत्याचं उत्तर तयार असायचं. आज तिने हाताला लागलेलं रॉकेल गाऊनला पुसलं, पुन्हा पुसलं.

"पहिल्या वर्षी, हो. गिऱ्हाइकांसाठीच," ती म्हणाली. "नंतर नाही. नंतर तू निघून गेलीस की मला आठ-आठ दिवस काही सुचायचं नाही. गिऱ्हाईक असो नाहीतर नसो."

टिल्लीने डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं. लहानसा दोष कबूल करायचा आणि मागून मोठी गोष्ट गळी उतरवायची, हे तिला आता चांगलंच ओळखता येत होतं. हे तसलंच असू शकत होतं. नसूही शकत होतं. आत्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, त्यावरून काही कळायची सोय नव्हती. पूर्वी आत्या बोलायची आणि टिल्लीचा विश्वास बसायचा, तिला काही करावं लागायचं नाही. या वेळी तिने तो आपण होऊन ठेवला. मग ती उठली आणि पलंगाची दुसरी बाजू धरली.